जीटीकेतले बग आणि अडखळणाऱ्या खिडक्या: ठाण्याच्या शनिवारच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही सात-आठ जण शनिवारी दुपारी नौपाड्यातल्या एका क्लासच्या रिकाम्या वर्गात लॅपटॉप उघडून बसतो. जीटीके नावाच्या ओपन सोर्स टूलकिटमधले आणि त्यावर उभ्या असलेल्या ॲप्समधले बग शोधायचे, जमले तर दुरुस्त करायचे, आणि जे रखडत चालतं ते का रखडतं हे मोजायचं, एवढाच उद्योग. नवीन माणूस आला की पहिला अर्धा तास त्याच त्या प्रश्नांत जातो, म्हणून ही उत्तरं एकदाची लिहून काढली. मी ऐरोलीचा, नोकरी महाप्याला. जीटीकेचा मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) वगैरे नाही. इथलं एखादं मत पटलं नाही तर शनिवारी येऊन भांडा.

जीटीके म्हणजे नक्की काय?

स्क्रीनवर दिसणारं बटण, यादी, मजकूर लिहायचा चौकोन, मेनू हे प्रत्येक ॲपने नव्याने लिहू नये म्हणून केलेली लायब्ररी. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे बर्कलीचे दोन विद्यार्थी गिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर लिहीत होते. सुरुवातीला त्यांनी मोटिफ हे टूलकिट वापरलं, ते रुचेना, म्हणून स्वतःचं लिहिलं. गिंपचं टूलकिट, म्हणून जीटीके. १.० आवृत्ती १९९८ ची, २.० आली २००२ मध्ये, ३.० २०११ मध्ये आणि ४.० डिसेंबर २०२० मध्ये. मधे बरीच वर्षं नावापुढे अधिकचं चिन्ह होतं, ते २०१९ मध्ये काढून टाकलं.

सगळं सी भाषेत आहे आणि परवाना एलजीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा. पण जीटीके एकटं काही करत नाही, हे पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा. ओळी मांडायचं काम पँगो करतं. अक्षरांचे आकार निवडून जागेवर बसवायचं काम हार्फबझचं. मुख्य लूप, स्ट्रिंग, फाइल वगैरे पाहतं ग्लिब. त्यामुळे ‘जीटीकेचा बग’ म्हणून हाती घेतलेली गोष्ट बऱ्याचदा शेजारच्या घरात निघते.

क्यूटी का नाही?

क्यूटी हे असंच दुसरं टूलकिट, तेही उत्तम आहे, आमच्यातले दोघे त्यावरच पोट भरतात. फरक इतकाच की क्यूटीला बदल पाठवण्याआधी करारपत्र मान्य करावं लागतं आणि बदलांचा रिव्ह्यू (तपासणी) गेरिट या व्यवस्थेत होतो, तर जीटीकेचं काम नोम या लिनक्स डेस्कटॉप प्रकल्पाच्या गिटलॅबवर (कोड आणि बग ठेवायची साइट) चालतं आणि तिथे असा करार नाही. नवख्याला दुसरं सोपं जातं. खाली लिहिलेलं बरंचसं दोन्हीकडे लागू आहे.

मला सी येत नाही. येऊ का?

या. आमच्याकडचं निम्मं काम सी लिहिण्याचं नसतंच. बग परत परत घडवून दाखवणं, तो कोणत्या आवृत्तीपासून आला ते शोधणं, छोटा नमुना तयार करणं, हे सगळं पायथनमधून होतं. बैठकीतल्या एक काकू बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी आजवर सीची एक ओळ लिहिलेली नाही, पण मराठी टाइप करताना कर्सर कुठे चुकतो हे त्यांच्याइतकं नेमकं आमच्यातल्या कुणालाच सांगता येत नाही. दूरदेशी बसलेल्या मेंटेनरला हे दिसत नाही. त्याला देवनागरी येत नाही, त्यात त्याचा दोष नाही. आपण सांगितलं तर त्याला कळणार.

बग ॲपचा की टूलकिटचा, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळ याच प्रश्नात जातो, म्हणून एक उदाहरण जवळून दाखवतो.

एका पत्त्यांच्या ॲपमध्ये शहराच्या रकान्यात ‘नवी मुं’ आणि त्यापुढे एक विचित्र चौकोन दिसायचा. ठाणे लिहिलं की नीट. इंग्रजीत काहीही लिहा, नीट. पहिली शंका अर्थातच फॉन्टवर. फॉन्ट बदलला, चौकोन तिथेच. मग टर्मिनलमधून ॲप चालवलं तर पँगो कुरकुरत होतं की मला दिलेली स्ट्रिंग (मजकूर) वैध यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) नाही.

आता बोटं मोडून मोजू. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मोकळी जागा १ बाइट. ‘ठाणे’ म्हणजे ठ, काना, ण, मात्रा: ४ चिन्हं, १२ बाइट. ‘नवी मुंबई’ म्हणजे न, व, वेलांटी, मोकळी जागा, म, उकार, अनुस्वार, ब, ई: २५ बाइट. ॲप लिहिणाऱ्याने नाव २० बाइटांवर कापलं होतं. अनुस्वारापर्यंत १९ बाइट होतात, म्हणजे विसावा बाइट ‘ब’च्या पोटातला पहिला. ‘ब’चा एक तृतीयांश तुकडा पँगोकडे गेला, त्याने तो ओळखला नाही आणि चौकोन काढला. इंग्रजीत एक अक्षर एक बाइट, तिथे हा बग कधी उगवणारच नाही. ठाणे बारा बाइटांत आटपतं, म्हणून ठाणेकर सुखी.

दोष ॲपचा होता, टूलकिट बिचारं खरं बोलत होतं. असल्या वेळी ग्लिबचं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲप चालवण्याआधी टर्मिनलमध्ये ठेवायची सेटिंग) कामी येतं: जी-डीबग, त्यात ‘फेटल वॉर्निंग्ज’ असं लिहायचं. मग पहिल्या कुरकुरीलाच प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो, आणि जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती साखळी) काढला की कापणारी ओळ समोर येते. दुसरी साधी कसोटी अशी: जीटीकेसोबत येणाऱ्या डेमोमध्ये किंवा वीस ओळींच्या नमुन्यात तोच त्रास झाला तर टूलकिटवर संशय घ्या. नाही झाला तर आधी आपलं घर झाडा.

‘क्षि’वर बॅकस्पेस दाबलं तर फक्त वेलांटी जाते, डिलीट दाबलं तर अख्खं अक्षर. हा बग ना?

नाही, हे मुद्दाम तसं ठेवलं आहे. ‘क्षि’ म्हणजे क, हलंत, ष, वेलांटी अशी चार चिन्हं. मागे पुसताना माणसाला बहुतेक वेळा शेवटची चूक सुधारायची असते, म्हणून पँगो आपल्या लिप्यांत एकेक चिन्ह काढू देतो. पुढचं पुसताना मात्र अर्धं अक्षर उरून उपयोग नसतो. कर्सरची उडीही अक्षरागणिक असते. हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी बग म्हणून आणतं. मीही आणला होता.

बग तेव्हा म्हणा, जेव्हा कर्सर जोडाक्षराच्या मधोमध उभा राहतो, निवडलेला निळा पट्टा वेलांटीला अर्धवट सोडतो, किंवा एखादी मात्रा गोल ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. ते वर्तुळ म्हणजे हार्फबझ सांगतंय की या मात्रेला व्यंजन मिळालं नाही. मजकूर टिंबांनी तोडताना एखाद्या ॲपने अक्षराचा गळा कापला की हेच होतं.

मराठीच्या म्हणून काही खास भानगडी आहेत का?

आहेत, आणि मला सगळ्यात जास्त रस यातच आहे.

पापणीसारखा दिसणारा तो अर्धा र घ्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. एक गुरुजी, दुसरा स्वयंपाकी. पण संगणकात हा दुसरा शब्द दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे वेगळं चिन्ह, त्याला हलंत, मग य. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत, मग शून्य रुंदीचा जोडक, आणि मग य. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. आतून मात्र वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत.

याचे दोन परिणाम. एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही. आणि दुसरा जास्त मजेशीर. हिशेबाच्या एका ॲपने ‘न दिसणारी चिन्हं साफ करा’ अशी सोय दिली होती. त्या झाडूने शून्य रुंदीचा जोडकही उचलला. कोपरीतल्या एका लग्नाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना आगाऊ’ या नोंदीचं ‘आचार्यांना आगाऊ’ झालं. भटजींनी ती पाहिली नाही हे नशीब.

असा बग लिहिताना नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका, कारण स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. कोणती चिन्हं, कोणत्या क्रमाने, ती सगळी त्यांच्या युनिकोड क्रमांकांसह लिहा. पायथनमध्ये दोन ओळींत छापून मिळतात.

तिसरी भानगड ‘ल’ आणि ‘श’ची. काही देवनागरी फॉन्टमध्ये या अक्षरांचे मराठी वळणाचे आकार वेगळे ठेवलेले असतात, आणि भाषा मराठी आहे हे कळलं तरच ते वापरले जातात. सिस्टिमची भाषा इंग्रजी असेल तर पँगोला ते कळत नाही आणि हिंदी वळण दिसतं. पँगो-लँग्वेज हे व्हेरिएबल ‘एमआर’ असं ठेवून ॲप उघडून पाहा. बदललं तर बग ॲपचा, की त्याने मजकुराची भाषा सांगितली नाही. बदललं नाही तर फॉन्टमध्येच ते आकार नाहीत.

उकार खालून कापला जातो. हा कुणाचा दोष?

दहात नऊ वेळा ॲपने ओळीची उंची पिक्सेलात ठोकून दिलेली असते. इंग्रजी अक्षरांना ती पुरते. ‘मूर्ती’ला वर रफार, वेलांटी आणि खाली दीर्घ उकार, तिला कशी पुरणार? जीटीकेचा इन्स्पेक्टर उघडा, कंट्रोल-शिफ्ट-डी किंवा कंट्रोल-शिफ्ट-आय दाबून. त्यात ते विजेट (बटण, लेबल असा स्क्रीनवरचा घटक) निवडून त्याची मापं आणि सीएसएस (रूपरंगाचे नियम) तिथल्या तिथे बदलता येतात. उंचीची सक्ती काढली आणि उकार परतला की दुरुस्ती सापडली.

ॲप कधीकधी क्रॅश होतं, दरवेळी नाही. कुठून सुरू करू?

‘कधीकधी’ हा शब्द ऐकला की मी आधी टायमर आणि सिग्नल (काही घडलं की ठरलेल्या फंक्शनला बोलावणारी जोडणी) तपासतो. खिडकीने दर सेकंदाला चालणारा टायमर लावलेला असतो. माणूस खिडकी बंद करतो, तिची मेमरी परत जाते, पण टायमर काढायला कुणी सांगितलंच नाही. भाडेकरू घर सोडून गेला तरी पेपरवाला रोज दारात पेपर टाकतोय, तसं. जोवर त्या जागेत दुसरं कुणी राहायला येत नाही तोवर सगळं शांत. आलं की स्फोट. म्हणून दरवेळी होत नाही.

डोळ्यांनी कोड वाचून हे सापडायला आठवडा लागू शकतो. मेसन या कोडमधून प्रोग्रॅम बनवणाऱ्या (बिल्ड करणाऱ्या) साधनाला ॲड्रेस सॅनिटायझर हा मेमरीचा तपासनीस लावून बिल्ड करायला सांगा. मोकळी झालेली मेमरी कुणी हाताळली की तो त्याच क्षणी थांबवतो, आणि तीन गोष्टी छापतो: आत्ता कोण शिवलं, कुणी सोडली, आणि आधी कुणी घेतली होती. उत्तर त्या दुसऱ्या भागात असतं. व्हॅलग्राइंडही हे करतं आणि पुन्हा बिल्ड करावं लागत नाही, पण प्रोग्रॅम दहा-वीस पट मंदावतो. मग टायमिंगवर अवलंबून असलेला बग लाजून दडून बसतो.

दुरुस्ती सहसा एक-दोन ओळींची. विजेट मरताना टायमर काढणे. किंवा सिग्नल जोडताना असं फंक्शन वापरणे जे समोरची वस्तू गेली की जोडणी आपोआप तोडतं. ग्लिबमध्ये ते तयार आहे.

मागच्या आवृत्तीत चालत होतं, आता बिघडलं. हजारो बदलांतून तो एक कसा शोधायचा?

गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातली बायसेक्ट ही आज्ञा. चांगली आवृत्ती सांगा, वाईट सांगा, ते मधली काढून देतं. तुम्ही बिल्ड करून ‘चांगली’ की ‘वाईट’ एवढंच सांगायचं. दरवेळी निम्मे बदल बाद. १००० बदल असले तरी १० फेऱ्यांत काम होतं. हे करून दिलंत तर मेंटेनर मनातल्या मनात नमस्कार करतो.

मात्र सोर्स उतरवताना नेट वाचवायला फक्त शेवटचा बदल घेतला असेल तर इतिहासच नाही, बायसेक्ट कशावर करणार? एका पावसाळी शनिवारी लोकल बंद, वर्गात नेट नाही आणि तिघांकडे तसलाच कापलेला सोर्स, असं आमचं झालं होतं. त्या दिवशी मिसळ खाऊन परतलो.

यादी स्क्रोल करताना अडखळते. काय बदलू?

आधी काहीच बदलू नका. आधी मोजा.

साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद. १२० वेळा बदलणारा असेल तर ८.३. तेवढ्यात इनपुट वाचणं, मापं काढणं, मांडणी करणं, रंगवणं सगळं उरकायचं. नाही उरकलं की फ्रेम चुकते आणि डोळ्याला हिसका बसतो. आणि हे सगळं एकाच मुख्य थ्रेडवर (प्रोग्रॅममधली कामांची एक रांग). तो कुठे अडकला की खिडकी गोठली.

नेरूळचा आमचा एक मित्र हिवाळ्यात खाडीवर फ्लेमिंगोंचे फोटो काढतो. पाचेक हजार फोटो चाळायला त्याने स्वतःच एक ॲप लिहिलं. डाव्या बाजूला छोटा फोटो, उजवीकडे तारीख आणि जागा. स्क्रोल केलं की पाव सेकंद थांबायचं, म्हणजे पंधरा फ्रेम गेल्या. बैठकीत सगळ्यांनी आपापले तर्क लढवले. मी छातीठोकपणे सांगितलं, सीएसएसमधली सावली जड पडतेय. सावली काढली. काडीचाही फरक नाही.

मग सिसप्रॉफ लावलं. ते ठरावीक अंतराने डोकावून प्रोग्रॅम आत्ता कोणत्या फंक्शनमध्ये आहे ते टिपतं आणि शेवटी वेळ कुणी खाल्ला त्याची उतरंड दाखवतं. जवळपास सगळा वेळ जेपेग उलगडण्यात, तोही मुख्य थ्रेडवर. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट. दाखवायचा मात्र ४८ बाय ४८ चा चौकोन, ज्याला ९,२१६ बाइट पुरतात. चमचाभर साखरेसाठी पोतं उघडायचं, तेही प्रत्येक ओळीला.

दुरुस्ती: फोटो वेगळ्या थ्रेडवर, वाचतानाच लहान मापात उलगडायचा, तयार झाला की मुख्य थ्रेडला कळवायचं आणि तिथूनच विजेटला लावायचा. जीटीकेची विजेटं दुसऱ्या थ्रेडवरून हात लावून घेत नाहीत, हा नियम मोडलात तर मागच्या प्रश्नातल्या ‘कधीकधी’वाल्या क्रॅशकडे थेट पोचाल.

स्क्रोल लोण्यासारखं झालं. आणि नवाच बग उगवला: फ्लेमिंगोच्या तारखेपुढे बगळा! जीटीके ४ ची लिस्ट-व्ह्यू पाच हजार ओळी बनवत नाही. दिसणाऱ्या आणि आसपासच्या तेवढ्याच ओळी बनवते आणि वर गेलेली ओळ खाली नव्या मजकुरासाठी परत वापरते. थ्रेडवरून फोटो येईपर्यंत ती ओळ दुसऱ्याच फोटोला दिलेली असायची. ओळ सुटताना आधीचं काम रद्द करणं, ही खरी दुरुस्ती. वेग वाढवणाऱ्या बऱ्याच पॅचच्या (कोडमधल्या बदलांच्या) पोटात असा एखादा बगळा असतो, म्हणून मी वेगाच्या पॅचचा रिव्ह्यू जास्त संशयाने करतो.

जुन्या पद्धतीच्या लिस्ट-बॉक्समध्ये मात्र प्रत्येक ओळ खरोखर बनते. पाच हजार ओळी, ओळीत पाच विजेटं, म्हणजे पंचवीस हजार विजेटं, प्रत्येकाला सीएसएस आणि मांडणी. पन्नास-शंभर ओळींना तो झकास आहे. त्यापुढे लिस्ट-व्ह्यूकडे वळा.

मोजलं, पण आकडे दरवेळी वेगळे येतात. किंवा पटत नाहीत.

मेसनला तुम्ही किंवा प्रोजेक्टने काही सांगितलं नाही तर ते डीबग बिल्ड करतं, त्यात कंपायलरची सफाई बंद असते. त्यावर वेग मोजणं म्हणजे हँडब्रेक लावून गाडीचं ॲव्हरेज काढणं. डीबग माहिती ठेवून ऑप्टिमाइझ केलेलं बिल्ड घ्या.

प्रोफाइलमध्ये फंक्शनांच्या नावांऐवजी नुसते आकडे किंवा तुटक्या साखळ्या दिसत असतील तर बिल्डमध्ये फ्रेम पॉइंटर (कोणी कुणाला बोलावलं ते मागे शोधायच्या खुणा) नाहीत. लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोराने ३८ पासून आणि उबुंटूने २४.०४ पासून ते चालू ठेवायला सुरुवात केली, म्हणून आम्ही नव्याच आवृत्त्या वापरायला सांगतो. आणि लॅपटॉप चार्जरला लावा, ब्राउझर बंद करा. मे महिन्यात बंद वर्गात लॅपटॉप तापून स्वतःच हळू होतो. ते आकडे आम्ही धरत नाही.

ॲप नुसतं उघडं आहे, मी काही करत नाही, तरी पंखा फिरतो.

काही न करणाऱ्या ॲपने प्रोसेसर जवळजवळ शून्य वापरला पाहिजे. इन्स्पेक्टरमध्ये ‘ग्राफिक अपडेट्स दाखवा’ अशी सोय आहे. ती लावली की पुन्हा रंगवलेला भाग चमकतो. गपगुमान बसलेल्या खिडकीत काही लुकलुकत असेल तर चोर तिथेच. झाकलेल्या पानावर फिरत राहिलेलं चक्र किंवा न संपणारं सीएसएस ॲनिमेशन हे नेहमीचे संशयित. दुसरा संशयित म्हणजे दर सेकंदाला बदलणारं लेबल. आकड्याची रुंदी बदलली की लेबल मोठी जागा मागतं, मागणी आईबापांकडे जाते, तिथून वर खिडकीपर्यंत, आणि सगळी मांडणी पुन्हा. लेबलला रुंदी आधीच नेमून द्या.

स्वतः विजेट लिहीत असाल तर नुसता रंग बदलल्यावर ‘पुन्हा रंगव’ म्हणा, ‘पुन्हा माप काढ’ म्हणू नका. टूलकिटच्या पोटात वेग वाढवण्याची बरीच कामं अशीच असतात. कुणीतरी सावधगिरी म्हणून जास्त मागितलेलं असतं, ते काढायचं.

चित्र फाटतं, काळे ठिपके येतात. ग्राफिक कार्ड खराब आहे का?

आधी रेंडरर बदलून पाहा. जीटीके ४ आधी ‘काय काढायचं’ याचं झाड बनवतं आणि रेंडरर ते झाड रंगवतो. २०२४ मध्ये ४.१४ सोबत नवे रेंडरर आले आणि ४.१६ पासून वेलँडवर (लिनक्समधली खिडक्या पडद्यावर दाखवायची व्यवस्था) व्हल्कनला, म्हणजे ग्राफिक कार्डाकडून रंगवून घ्यायच्या पद्धतीला, पसंती मिळाली. जुन्या ड्रायव्हरांना ते कधीकधी झेपत नाही. जीएसके-रेंडरर या व्हेरिएबलमध्ये ‘कैरो’ लिहिलं की ग्राफिक कार्ड बाजूला ठेवून सगळं प्रोसेसरवर होतं. त्याने ठिपके गेले तर दोष रेंडरर किंवा ड्रायव्हरमध्ये. इन्स्पेक्टरच्या रेकॉर्डरमधून ते झाड फाइलमध्ये जतन करता येतं, तेच रिपोर्टला जोडा. समोरच्याला तुमचं अख्खं ॲप चालवावं लागत नाही.

माझा लॅपटॉप जुना आहे आणि त्यात विंडोज आहे.

जीटीके विंडोजवरही बिल्ड होतं, पण सिसप्रॉफसारखी हत्यारं लिनक्सची. पेनड्राइव्हवर किंवा व्हर्च्युअल मशीनमध्ये फेडोरा टाका. आठ जीबी रॅमवर आमचं काम चालतं. पहिलं बिल्ड लावायचं, खाली जाऊन वडापाव खायचा, परत यायचं. नंतर फक्त बदललेल्या फाइली बिल्ड होतात. रॅम कमी पडली तर मेसनच्या हाताखाली बिल्डची कामं उरकणाऱ्या निन्जाला एका वेळी दोनच कामं करायला सांगा. आणि सिस्टिमच्या जीटीकेवर आपलं बिल्ड इन्स्टॉल करू नका. मेसनचं ‘डेव्हएन्व्ह’ वापरून बिल्डच्या फोल्डरमधूनच डेमो चालवा. मी एकदा इन्स्टॉल केलं होतं, लॉगिनचा पडदाच आला नाही.

दुरुस्ती पाठवली, तीन आठवडे झाले, कुणी ढुंकून पाहिलं नाही.

होतं असं. पाहणारी माणसं थोडी, कामं ढीगभर. नम्रपणे एकदा आठवण करा. पण त्याआधी आपला पॅच परक्याच्या नजरेने वाचा. एका मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल स्वीकारायची विनंती) एकच गोष्ट आहे का? बगची दुरुस्ती, जाता जाता सावरलेली इंडेंटेशन आणि दोन बदललेली नावं असं कडबोळं असेल तर मीही पुढे ढकलेन. कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात ‘काय’ नको, ते कोडमध्ये दिसतं. ‘का’ लिहा. शक्य असेल तर आधी नापास आणि नंतर पास होणारी टेस्ट जोडा.

माझी पहिली दुरुस्ती चार वेळा परत आली होती. चौथ्यांदा कळलं की मी लक्षण झाकत होतो, रोग दुसऱ्याच फाइलमध्ये होता. शेवटी माझ्या तीस ओळी गेल्या आणि एक ओळ उरली.

एआयकडून पॅच लिहून घेतला तर चालेल का?

आमच्या वर्गात नियम एकच: प्रत्येक ओळ का आहे ते फळ्यासमोर उभं राहून सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर पाठवायचा नाही.

यातून पैसे मिळतात?

थेट नाही. गूगल समर ऑफ कोड आणि आउटरीची यांत मानधन असतं, नोमने दोन्हींत भाग घेतलेला आहे. समर ऑफ कोड २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्यांनाही खुलं झालं. मुलाखतीत ‘हा माझा स्वीकारलेला बदल’ म्हणून लिंक दाखवता येते, त्याचा उपयोग होतो. पण फक्त त्यासाठी येणारी मुलं दोन शनिवारांत गळतात, असा अनुभव आहे.

कुठे यायचं, काय आणायचं?

ठाणे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं. वाशी, नेरूळ, घणसोलीकडून ट्रान्स हार्बरने येत असाल तर ९-१० नंबरवरून नौपाड्याच्या बाजूला उतरायला पूल चढावा लागतो, तेवढा वेळ धरा. दुपारी तीनला दार उघडतं, सहाला क्लासची मुलं येतात, त्याआधी फळा पुसून निघायचं. लॅपटॉप, चार्जर आणि जमलं तर एक्स्टेन्शन बोर्ड, कारण वर्गात प्लग दोनच आहेत. सोर्स पूर्ण इतिहासासकट घरूनच उतरवून आणा. आणि तुम्हाला स्वतःला रोज खुपणारा एक तरी बग घेऊन या, कागदावर लिहून: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं.

दार बंद दिसलं तर खालच्या झेरॉक्सवाल्या दादांकडे किल्ली असते.